फालशाचा जाम आणि सहा घरं

तायडे अक्का गेल्याचं मला कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. आम्ही जळगाव सोडून धुळ्याला आलो त्याला आता चार वर्षं झाली, पण त्या ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही आणि मीही निघाले नाही. सकाळी सातला गल्लीतल्या चौधरी सरांनी बातमी टाकली. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दुपारपर्यंत आठवणी सुरू झाल्या. कुणी अक्कांच्या शिस्तीबद्दल लिहिलं, कुणी त्यांच्या करारी स्वभावाबद्दल. आणि मग एकीने लिहिलं, 'अक्कांच्या हातच्या फालशाच्या जामची चव अजून जिभेवर आहे.' त्याखाली आणखी तिघांनी 'अगदी खरं' म्हणून री ओढली.

माझं डोकं सणकलं. मी लिहिलं, 'कशी होती चव?'

संध्याकाळपर्यंत ग्रुप गप्प. मग कुणीतरी नळाला पाणी कधी येणार ते विचारलं आणि सगळ्यांची सुटका झाली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण अक्कांबद्दल खोटं बोलू नये, आणि जामच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या एका गोष्टीसाठी त्या बाईने दोन उन्हाळे अख्ख्या गल्लीशी वैर घेतलं होतं. ते मी शेजारच्या भिंतीवरून पाहिलं आहे, आणि सुरुवातीला त्या वैरात मी त्यांच्या बाजूला नव्हते, हेही आत्ताच सांगून टाकते.

असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी. आमच्या गल्लीत आठ घरं. एक अक्कांचं. एक कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्या जैन कुटुंबाचं. उरलेली सहा आम्हा इतरांची. अक्का एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान वरणगावच्या फॅक्टरीत होते, ते मी लग्न होऊन येण्याआधीच वारले. मुलगा पुण्याला. घराच्या दारावर 'नमो बुद्धाय' लिहिलेली निळी फरशी. गल्लीतलं ते एकुलतं एक बौद्ध घर. मी तिथे राहिले त्या नऊ वर्षांत कुणी तोंडाने जात काढल्याचं मी ऐकलं नाही. सगळे त्यांना अक्का म्हणत, मुलांना गणिताला त्यांच्याकडे पाठवत, ताप मोजायला त्यांचाच थर्मामीटर आणत. आपण किती सुधारलेले आहोत याबद्दल आमच्या गल्लीला अजिबात शंका नव्हती.

अक्का उंच, काटक, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीतलं मैदान गप्प बसावं. त्यांना गप्पा मारता येत नसत, त्या प्रश्न विचारत. "आज फार गरम आहे ना अक्का?" म्हटलं की "किती आहे?" हा प्रश्न यायचा. कुणी म्हणालं की अमक्याची सून चांगली नाही, तर लगेच, "तुम्ही काय पाहिलं ते सांगा. चांगली-वाईट मी ठरवेन." आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हे त्यांचं पालुपद. चिडल्या की मात्र प्रमाण मराठी बाजूला पडायची आणि धुळ्याकडची, त्यांच्या माहेरची अहिराणी बाहेर यायची. मग समजायचं की आता पळावं.

आमच्या आणि त्यांच्या सामाईक भिंतीलगत फालशाची दोन झाडं होती. केळीच्या मुलखात फालसा कुणाला फारसा ठाऊक नाही. वाटाण्याएवढं फळ, आधी हिरवं, मग लाल, आणि पिकलं की जांभळं-काळं. आंबट-गोड, त्यात आंबट जास्त. एप्रिलच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत रोज ओंजळ-दोन ओंजळी पिकणार, एकदम कधीच नाही. सकाळी तोडलेला संध्याकाळी मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी आंबून जातो. म्हणून बाजारात तो क्वचितच दिसतो.

मी लग्नानंतर प्रथम तिथे राहायला आले त्या जानेवारीत एका सकाळी कचाकच आवाज आला म्हणून बाहेर डोकावले, तर अक्का त्या दोन्ही झाडांच्या फांद्या गुडघ्यापर्यंत छाटत सुटल्या होत्या. नुसते खुंट उरले. पलीकडून, तेव्हा नवेच राहायला आलेले चौधरी सर ओरडले, "अहो अक्का, मारलं झाड!" अक्कांनी मानही वर केली नाही. "मारलं नाही, छाटलं. फालसा नव्या फांदीलाच येतो. मे महिन्यात बोला." मे महिन्यात चौधरी सरांच्या घरी वाटी भरून फालसा गेला आणि वाटीबरोबर निरोप, "सरांना म्हणावं, आता बोला."

तर असा तो फालसा दरवर्षी सहाही घरी जायचा. माझ्या सासूबाई, माई, त्याची वाट बघत असायच्या. माई असोद्याच्या, शेतकरी घरातल्या. त्यांना उन्हाळा फार बाधायचा, आणि फालशाचं सरबत घेतलं की डोळ्यांची आग थांबते असं त्यांचं ठाम मत. भिंतीवरून वाटी आली की माई म्हणायच्या, "तायडेबाईचा जीव मोठा हाये." फळ धुतलं, सरबत केलं, आम्ही सगळे प्यायलो. त्यात काही वेगळं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

मग एका वर्षी झाडांनी ऐकलंच नाही. इतकं फळ धरलं की वाटून संपेना. ते वाया जाऊ देणं अक्कांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जाम करायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हणजे प्रयोगशाळाच उघडली. शाळेतला जुना पांढरा कोट अंगावर, कपाळाला रुमाल. फळ शिजवून चाळणीवर घासायचं, बिया वर, गर खाली. गराइतकी साखर आणि लिंबूसत्व. एकशे पाच अंशाला गॅस बंद. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ताटलीवर एक थेंब टाकून बोटाने ढकलायचा, त्याला सुरकुती पडली तर झाला. बरण्या उकळून उन्हात वाळवायच्या, आणि जळगावच्या उन्हात त्याला पाच मिनिटं पुरतात. सगळं एका वहीत लिहिलेलं: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. संध्याकाळी तो कोट घालूनच त्या घरोघर बरणी देऊन आल्या. एवढ्या खुश मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

आमच्या घरी माईंनी बरणी दोन्ही हातांनी घेतली, रंगाचं कौतुक केलं, आणि अक्का फाटकाबाहेर पडल्यावर ती माळ्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे ठेवून दिली. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतं, कारण मला कळलं होतं. फळ चालतं. शिजवलेलं नाही. हे मला कुणी शिकवलं होतं ते आठवत नाही, पण मला ते येत होतं.

त्या दिवशी अक्कांनी सकाळीच दाढ काढून घेतली होती. अर्धं तोंड बधिर, डॉक्टरांनी गोड-गरम बंद केलेलं. त्यामुळे त्यांनी स्वतः जाम चाखलाच नव्हता. चार दिवसांनी चाखला, आणि तोंड वेडंवाकडं करत मोरीकडे धावल्या. झालं होतं असं: ओट्यावर एकसारख्या दोन बाटल्या. एकीत लिंबूसत्व, दुसरीत गढूळ पाणी निवळायला ठेवलेली तुरटीची पूड. दोन्हींना लेबलं होती, पण ती भिंतीकडे तोंड करून होती आणि अक्कांचा चष्मा वाफेने धुरकटलेला. जामात तीन चमचे तुरटी गेली होती. तीस वर्षं पोरांना रसायनं हुंगू नका, चाखू नका, आधी लेबल वाचा, हे शिकवणारी बाई!

शरमेने लाल होऊन अक्का बरण्या परत आणायला निघाल्या. पहिलं घर चौधरी सरांचं. अक्का तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "अक्का, जाम काय फक्कड झाला होता हो!" अक्का गोंधळल्या. दुसऱ्या घरी, "मुलांनी बोटं चाटून खाल्ला." तिसऱ्या घरी, "पुढच्या वर्षी दोन बरण्या लागतील." तोपर्यंत अक्कांनी माफी मागायचा विचार सोडला होता. त्या फक्त विचारत होत्या.

आमच्याकडे त्या चौथ्या. माई व्हरांड्यात गहू निवडत होत्या, मी दारात.

"माई, जाम कसा होता?"

"वा! संपला पन. पोरांनी पोळीले लावू लावू खाल्ला."

"आंबट होता का?"

"जरासा. तसा गोडच."

"घशाला काही लागलं का? तुरट वगैरे?"

"नाही व बाई. एकदम मस्त."

अक्का माईंकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी गव्हाकडे पाहिलं. "बरणी तेवढी द्या सावकाश," म्हणाल्या आणि गेल्या.

आता बरणी द्यायची तर ती रिकामी हवी. दुपारी माई आडव्या झाल्या तशी मी माळ्यावरून ती काढली, झाकण उघडलं आणि सगळा जाम मोरीत ओतून दिला. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. बरणी घासताना काठाला लागलेला थोडा जाम बोटावर आला तो सवयीने तोंडात गेला, आणि माझी जीभ आकसून टाळ्याला चिकटली. मी तिथेच मटकन बसले. अक्कांनी आंबट-तुरट का विचारलं होतं ते त्या क्षणी कळलं.

रिकामं भांडं परत करू नये म्हणून आपल्याकडे त्यात काहीतरी घालून देतात. मी मूठभर साखर घातली आणि बरणी घेऊन गेले. अक्कांच्या टेबलावर आधीच पाच बरण्या होत्या, सगळ्या लख्ख धुतलेल्या, सगळ्यांत साखर. माझी सहावी.

अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "चाखलास?"

"हो. म्हणजे... धुताना."

"मग चाखला नाहीस. धुताना लागला." आणि त्या हसल्या. मला ते हसणं नको होतं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. निरीक्षण: सहा घरं. सहाही घरी जाम उत्तम. तुरटी तीन चमचे. निष्कर्षाची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

"अक्का, मला माफ करा," मी म्हणाले.

"वीस वर्षं माझा फालसा खाता तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज अजून शांत होता. "मला वाटायचं, आपण शेजारी आहोत. माझं झाड चालतं. माझी विहीर असती तर तिचं पाणी गाळून चाललं असतं. माझी चूल नाही चालत." मग एकदम अहिराणीत, "अन खोटं कसाले बोलतस? नको म्हना ना! माले समजत नही का?"

एका घराने मात्र 'नको' म्हटलं होतं. किराणा दुकानवाल्यांच्या आजी, ज्यांना सगळे काकीजी म्हणत, त्यांनी बरणी मिळाली त्याच संध्याकाळी परत पाठवली होती, न उघडलेली. अक्का तिथेही गेल्या होत्या. काकीजी म्हणाल्या, "तायडेबाई, माझा नेम आहे. मी दुसऱ्याच्या चुलीवरचं काहीच घेत नाही. सुनेच्या माहेरचं पण नाही. तुम्ही राग माना, पण मी खाल्ला म्हणणार नाही." अक्का ही गोष्ट मोठ्या आदराने सांगत. ते चूक आहे असं त्यांनी काकीजींना तोंडावर सुनावलं, त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि नंतर दोघी रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तेच भांडण पुढे चालवत. सहा घरांत सातवं मोजायचं नाही, हे अक्कांनी तेव्हाच ठरवलं.

पुढच्या जानेवारीत झाडं छाटली गेली, एप्रिल लागताच फळ पिकायला लागलं, आणि वाटी कुणाकडेच आली नाही. पंधरा दिवस वाट पाहून माईंनी मला भिंतीकडे पाठवलं. "जाय, म्हन माईचे डोये जळू राहिले. वाटीभर द्या."

अक्का झाडाखाली होत्या, बोटं जांभळी. मी निरोप सांगितला.

"कच्चा फालसा यंदा कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "माईंना सांग, जाम आहे. सरबत पाहिजे तर तेही आहे, माझ्या माठातलं, माझ्या हातचं. इथं येऊन प्यावं."

"अक्का, म्हाताऱ्या माणसाशी कशाला..."

"मी कोवळी आहे का? चौसष्ट पूर्ण झाली मला. मुलगा म्हणतो पुण्याला चल. मी म्हटलं, नाही. इथं एवढी वर्षं राहिले. सहा घरांपैकी एका तरी घराने माझ्यासमोर बसून माझ्या हातचं खाल्लं पाहिजे. तोवर मी हलणार नाही."

मी निरोप जसाच्या तसा माईंना दिला. माई भडकल्या. "एवढा माज! नको मले तिचा फालसा." आणि डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी ठेवून पडून राहिल्या.

त्याच आठवड्यात अक्कांनी शेगडी उचलून घराच्या पुढच्या ओट्यावर मांडली. पत्र्याचं छप्पर, वर त्रेचाळीस अंशांचं ऊन, खाली उकळता जाम, आणि पांढरा कोट घातलेली ही बाई भर दुपारी डावाने ढवळते आहे. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस बघायचा. वास चौथ्या घरापर्यंत जायचा. "आतून करा ना अक्का, चक्कर येईल," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आत काय होतं ते कुणाला दिसत नाही, म्हणून मनात भलतंसलतं येतं. इथं बघा. भांडं बघा, हात बघा, साखर बघा. निरीक्षण करा." त्या वर्षी त्यांचा जाम मी ओट्यावर बसून खाल्ला, पोळीबरोबर. अक्कांनी वाढला, पण वहीत टिपला नाही. "तू घर नाहीस, तू एकटी आहेस," म्हणाल्या. मला ते लागलं. पण खरं होतं. मी घरी जाऊन माईंना सांगितलं नव्हतं.

आणि मग आला एक मे. दरवर्षी त्या संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर कॉलनीचं जेवण व्हायचं, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. चौधरी सर यादी ग्रुपवर टाकत. चौधरी: मसालेभात. पाटील: शेवभाजी. महाजन: मठ्ठा. आणि शेवटी, तायडे अक्का: टरबूज. आदल्या वर्षीही टरबूज. त्याच्या आदल्या वर्षीही. मी मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन पाहिलं, एकदा पत्रावळी होत्या, बाकी टरबूज. इतकी वर्षं ती यादी मी वाचत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

अक्का यंदा टरबूज न घेता आल्या. हातात मोठी बरणी, काखेत पोळ्यांचा डबा. बरणी त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली. बायका जेवण वाढायला लागल्या, आणि प्रत्येकीचा हात त्या बरणीला वळसा घालून जाऊ लागला. मठ्ठा घेतला, भात घेतला, बरणी तशीच. चौधरी सर माइकवर सगळ्यांचे आभार मानत होते. अक्का गेल्या आणि त्यांनी सरांच्या हातातून माइक घेतला. वर्गात खडू मागून घ्यावा इतक्या सहज.

"गेल्या वर्षी मी सहा घरी जाम दिला," त्या म्हणाल्या. "त्यात चुकून तीन चमचे तुरटी पडली होती. कुत्र्यानेही तोंड लावलं नसतं. मी बरण्या परत मागायला आले, तर सहाही घरांनी सांगितलं, फार छान झाला होता. मुलांनी बोटं चाटली."

मी माईंकडे बघायचं टाळलं.

"मी कुणाचं नाव घेत नाही. घ्यायची गरज नाही, सहाच्या सहा इथे बसली आहेत. यंदाचा जाम मी रस्त्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर केला आहे. तुरटी नाही. आवडला नाही तर छान म्हणा, माझी हरकत नाही." आणि मग आवाज चढला, "पन यंदा आधी खा. आते खाईसन खोटं बोला!"

माइक सरांच्या हातात देऊन त्या खुर्चीवर बसल्या. मी उठले, पोळी घेतली, त्यावर जाम घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. माझ्यामागून कुणी येईल असं मला वाटलं होतं. कुणी आलं नाही. लोक पटापट जेवले, एकमेकांशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले आणि घरी गेले. अक्का शेवटपर्यंत बसून होत्या. मी बरणी उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. मी नेते. जड नाही."

त्या दिवसापासून गल्ली अक्कांवर रुसली. भर लोकांत अब्रू काढली, शिकलेल्या बाईला शोभतं का, आम्ही किती मान देत होतो. मुलांची गणिताची शिकवणी बंद झाली. मुलगा पुण्याहून फोन करून समजावत होता. अक्का दुपारी ओट्यावर जाम करत राहिल्या. खाणारं कुणी नव्हतं, तरी रोज पिकलेलं फळ त्या वाया जाऊ देणार नव्हत्या. बरण्यांची रांग खिडकीत वाढत चालली, गल्लीकडे तोंड करून.

आमच्या घरात माई माझ्याशी बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी पोळ्या लाटताना मागून आवाज आला, "मी जल्मात खोटं बोलली नाही."

मी वळले. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"शेताच्या बांधाची भांडनं झाली, भाऊ-भाऊ कोर्टात गेले, पन मी खरं तेच सांगतलं. असोद्यात कोनाले बी विचार. अन् या बाईनं मले माइकवर खोटी ठरवली." त्या थांबल्या. "अन् मी खोटी होती."

माझ्या सासूला त्या पाच दिवसांत समतेचं ज्ञान झालं असं मी म्हणणार नाही. तसं झालं असेल असं मला वाटत नाही. त्यांना सलत होतं ते खोटं बोलल्याचं. पण ज्या माणसाला जे सलतं त्यावरच त्याला चालावं लागतं. माईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, आणि भर साडेअकराच्या उन्हात, सगळ्या खिडक्यांदेखत आमच्या फाटकातून निघून अक्कांच्या फाटकातून आत गेल्या. मी चपला न घालताच मागे धावले.

अक्का शेगडीपाशी होत्या. माई ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या.

"आना तुमचा जाम."

अक्कांनी एक बरणी काढली, त्यांच्यासमोर झाकण फिरवलं. चमचाभर जाम ताटलीत वाढला. माईंनी तो बोटाने घेतला, तोंडात ठेवला. डोळे मिटले, एक डोळा जास्त मिटला.

"आंबट हाये," माई म्हणाल्या. "साखर कमी पडली तुमची."

"साखर बरोबर आहे. फालसा असाच असतो."

"मले शिकवू नका. मी आंब्याचा मुरांबा करते. साखर कमी हाये."

"मुरांब्याचं माप याला चालत नाही, माई. यात गर वेगळा असतो."

"मंग गूळ घालून पाहा."

"गुळाने रंग जातो!"

"रंग खाता का तुम्ही?"

अर्धा तास त्या दोघी भांडल्या. वीस वर्षांत त्या एकमेकींशी इतकं बोलल्या नव्हत्या, आणि इतकं खरं तर नक्कीच नाही. शेवटी माई म्हणाल्या, "नुसता जाम काय देता? पोळी द्या ना. गरम." अक्का आत वळल्या त्या एकदम, पाठ फिरवून, आणि बराच वेळ कणीक मळण्याचा आवाज येत होता. अक्का रडल्या असतील तर तिथे रडल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कोरडा होता आणि पोळी थोडी करपली होती. माईंनी तेही सांगितलं.

त्या संध्याकाळी अक्का भिंतीपाशी आल्या. मला वाटलं, आता त्या माझे आभार मानतील, निदान हसतील. त्यांनी बोट वर केलं. "एक घर झायं. आजून पाच शेतस."

जूनमध्ये यांची धुळ्याला बदली झाली. सामानाचा ट्रक पहाटेच गेला, आम्ही दुपारी गाडीने निघालो. माई पुढच्या सीटवर, मांडीवर दोन बरण्या, गूळ घातलेली एक आणि साखरेची एक, दोघींचा निकाल अजून लागायचा होता. निघताना मी अक्कांना हाक मारली, घर उघडं होतं, पण ओट्यावर कुणी नव्हतं. निरोप न घेताच निघावं लागलं. गाडी वळली तेव्हा त्या दिसल्या.

गल्लीच्या टोकाला, पाटलांच्या फाटकाशी, तोच पांढरा कोट, डोक्यावर पदर नाही, छत्री नाही. एका हातात ताटली, झाकलेली. दुसऱ्या हाताने त्या फाटकाची कडी वाजवत होत्या. आत पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. मी खिडकीतून हात हलवला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि परत दाराकडे तोंड करून कडी वाजवली, आधीपेक्षा जोरात.

दार उघडलं की नाही ते मला दिसलं नाही. गाडी रस्त्याला लागेपर्यंत कडीचा आवाज येत होता.